बांधावरचा पहारा

आमच्या दादांना गावात कुणी नावानं हाक मारत नसे. मोहल्ल्यातली माणसं त्यांना 'जहाजवाले' म्हणत आणि पलीकडच्या आगरी-कुणबी वाड्यांतली माणसं 'नेव्हीवाले चाचा'. नौदलात त्यांनी १० वर्षं काढली. त्यानंतर ४७ वर्षं ते घरी होते. शेतात, बांधावर, अंगणात, चुलीजवळ. लोकांनी लक्षात ठेवली ती पहिली १०. आम्ही नातवंडं वाढलो ती नंतरच्या ४७ वर्षांत, त्यामुळे आमच्या लेखी त्यांची खरी नोकरी तीच.

राजपुरीच्या खाडीच्या आतल्या अंगाला, म्हसळ्याच्या बाजूला आमचं गाव. मुरूड, श्रीवर्धन आणि म्हसळा हा सारा मुलूख तेव्हा जंजिऱ्याच्या नवाबाच्या संस्थानात होता. भात, नारळ, सुपारी आणि मासळी एवढ्यावर घर चालत नसे, म्हणून घरटी एक तरी माणूस समुद्रावर जाई. कुणी आगबोटीवर भट्टीत कोळसा टाकायला, कुणी भंडारी म्हणून, कुणी सारंगाच्या हाताखाली. सरकारी नौदलातही कोकणी मुसलमान खलाशांची भरती जुनी. दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभी हे 'रॉयल इंडियन नेव्ही' जेमतेम २ हजार माणसांचं होतं. युद्ध संपेपर्यंत ते २५ हजारांवर गेलं. या भरतीत आमच्या घरातले दोघे होते. मोठे दादा, म्हणजे दादांचे थोरले भाऊ, आधीपासूनच नोकरीत होते. दादा १९४२ साली गेले. वय १९, शिक्षण मराठी चौथी.

तोफेचं काम ते कराचीजवळच्या मनोरा बेटावर, 'हिमालय' नावाच्या नाविक शाळेत शिकले आणि 'नर्बदा' या जहाजावर चढले. जानेवारी १९४५ मध्ये ब्रह्मदेशात आराकानच्या किनाऱ्यावर जपान्यांशी लढाई झाली, तीत 'नर्बदा' आणि 'जमुना' ही जहाजं होती. तिथल्या खाड्यांना 'चाउंग' म्हणतात. दोन्ही बाजूंनी कांदळवन, खाली गाळ, भरतीला पाणी आणि ओहोटीला चिखल. त्या अरुंद पाण्यात मोठी जहाजं घालून किनाऱ्यावर तोफा डागायच्या होत्या. दादांनी आम्हाला युद्धाची एवढी एकच गोष्ट सांगितली आणि तीही अशी : "तिवरं अगदी आपल्या खाडीसारखी. तोफ मारताना वाटे, पलीकडं कुणाचा तरी बांध असेल."

आमच्या मुलुखातल्या दुसऱ्या एका सैनिकाचं नाव मात्र दादा आवर्जून काढत. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे, पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीचे. इटलीत टायबर नदीच्या खोऱ्यात १० जुलै १९४४ रोजी त्यांच्या तुकडीतले सगळे मशीनगनच्या माऱ्यात पडले. घाडगे एकटे धावून गेले. हातबॉम्बनं त्यांनी तोफखाच बंद पाडला, एकाला गोळी घातली, आणि बंदुकीत गोळ्या भरायला वेळ नव्हता म्हणून दस्त्यानं उरलेल्या दोघांना मारलं. लगेचच दडून बसलेल्या नेमबाजाच्या गोळ्यांनी ते कोसळले. वय २२. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. तो त्यांच्या पत्नीनं स्वीकारला. माणगावात त्यांचा पुतळा आहे. मुंबईला जाताना एस.टी. माणगावला थांबे, तेव्हा दादा त्या बाजूला पाहून क्षणभर सरळ बसत. एकदा ते म्हणाले, "तो परतला असता तर त्यानंही भातच लावलं असतं. पोरंबाळं केली असती. मग पुतळा झाला नसता. पण घर झालं असतं."

परतलेल्या माणसाचं काय, हा प्रश्न तेव्हापासून आमच्या मनात आहे. मेलेल्या शिपायाचा दगड होतो. परतलेला शिपाई दुसऱ्या दिवशी सकाळी गोठ्यात शेण काढायला जातो आणि त्याची गोष्ट तिथंच संपली असं सगळे धरून चालतात.

१८ फेब्रुवारी १९४६ रोजी मुंबईत 'तलवार' या तळावरच्या नाविकांनी निकृष्ट जेवण आणि गोऱ्या अधिकाऱ्यांची शिवीगाळ यांविरुद्ध संप पुकारला. दोन दिवसांत तो बंदरातल्या जहाजांवर पसरला. संपसमितीचे अध्यक्ष एम. एस. खान, उपाध्यक्ष मदनसिंग. काँग्रेस, लीग आणि कम्युनिस्ट असे तिन्ही झेंडे एकत्र चढवले गेले. २१ तारखेला कॅसल बराकीवर गोळीबार झाला आणि २३ तारखेला, पटेल आणि जीना या दोघांचाही सल्ला तोच पडल्यावर, नाविकांनी शस्त्रं खाली ठेवली. पुढे शेकडो जण नोकरीतून गेले. दादा त्या दिवसांत मुंबई बंदरातच होते. ते वाचले कसे हे त्यांनी कधी सांगितलं नाही. सांगत ते एवढंच, की गेटवेजवळ मुंबईच्या लोकांनी नाविकांसाठी जेवण आणि फळं आणली होती, आणि आणणाऱ्यानं कुणाला जात-धर्म विचारला नव्हता. "एका केळ्याचे दोन तुकडे केले, एक मी खाल्ला, एक पंजाबच्या सरदारानं. वर्षभरानं आमचे कागद वेगळे झाले."

ते कागद १९४७ चे. देशाची फाळणी ठरली तेव्हा सैन्याचीही वाटणी झाली. मुसलमान नाविक भारतातल्या मुलुखाचा असेल तर त्यानं भारत की पाकिस्तान हे स्वतः लिहून द्यायचं होतं. जहाजंही वाटली गेली. 'सतलज', 'जमुना', 'कृष्णा', 'कावेरी' भारताकडे राहिली. 'नर्बदा' आणि 'गोदावरी' पाकिस्तानला गेली. नाशिकजवळ उगम पावणाऱ्या नदीच्या नावाचं जहाज कराचीला लागलं! मोठे दादा 'गोदावरी'वर होते. त्यांनी जहाजाबरोबर जायचं ठरवलं. बढती मिळेल, घर मिळेल, दोन-तीन वर्षांत पैसा साठवून परत येऊ, असा त्यांचा हिशेब. त्या वेळी तो कुणालाच खुळा वाटला नव्हता. कराची म्हणजे आगबोटीनं मुंबईहून जायचं गाव, एवढीच कोकणातल्या माणसाची समजूत होती. दादांनी 'नर्बदा' सोडली आणि भारत असं लिहून दिलं. जहाज गेलं, खलाशी राहिला.

का राहिलात, असं आम्ही पुढे मोठे झाल्यावर विचारलं. काहीतरी मोठं उत्तर येईल अशी आमची अपेक्षा. ते म्हणाले, "आई इथं होती. आणि त्या वर्षी बाहेरकाठ्याला खांड गेली होती."

ज्यांनी खारजमीन पाहिली नाही त्यांना हे सांगायला हवं. आमची निम्मी शेतं खाडीतून सोडवलेली. भरतीचं पाणी अडवायला मातीचा नि दगडांचा बाहेरचा बांध असतो, तो बाहेरकाठा. त्यात पावसाचं पाणी ओहोटीला बाहेर सोडायला झडपा असलेली उघाडी असते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात बांध फुटला, म्हणजे खांड गेली, की खारं पाणी आत शिरतं आणि दोन-तीन वर्षं त्या जमिनीत भात होत नाही. बांध कुणा एकाचा नसतो. त्याच्या आत मुसलमानांचं शेत, आगऱ्याचं शेत, कुणब्याचं शेत एकाला एक लागून असतं. खांड कुठंही गेली तरी सगळ्यांचं पीक जातं. जंजिरा संस्थान १९४८ साली विलीन झालं, त्याच वर्षी मुंबई सरकारनं खारजमिनींसाठी कायदा केला. पण रात्री बांधावर कंदील घेऊन फिरायला कायदा येत नाही, माणूस लागतो.

दादा १९५२ साली नोकरी सोडून आले. पेन्शनला १५ वर्षं लागत, त्यांची १० झाली होती. आणखी ५ वर्षं काढली असती तर म्हातारपण सुखात गेलं असतं, असं दादी आयुष्यभर म्हणत राहिली. पण घरात तेव्हा त्यांची आजारी आई होती, विधवा बहीण होती, दादी आणि दोन मुलं होती, शिवाय मोठ्या दादांची बायको आणि त्यांची तीन मुलं. नऊ तोंडं आणि कर्ता पुरुष एकही नाही. दादांनी जहाजावरचा सगळा शिरस्ता घरात आणला. चार-चार तासांच्या पाळ्या लावून त्यांनी आईचं दुखणं काढलं. शिवण ते नौदलात शिकले होते, तिथं नाविकाला आपले कपडे आपणच धुवावे-ठिगळावे लागतात. घरातल्या पोरांचे शाळेचे कपडे ते स्वतः शिवत. दादी बाळंतपणात किंवा तापात असली की तांदळाच्या भाकऱ्या तेच थापत. मोहल्ल्यातले पुरुष ओट्यावर बसून हसत. दादा पिठाच्या हातानंच बाहेर येऊन सांगत, "जहाजावर कुणाची बायको नसते रे. भंडारी आजारी पडला तर काय उपाशी लढायचं?"

आमच्या फूफीला त्यांनी शिकवलं, ही गोष्ट मात्र हसण्यावारी गेली नाही. गावात मराठी शाळा चौथीपर्यंत. पुढची खाडीपलीकडे. मुलगी शहाणी होत आली, आता तरी घरी बसवा, असं जमातीतले वडीलधारे सांगायला आले. दादांनी त्यांना चहा पाजला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे होडी काढली. सात वर्षं ते फूफीला तरीनं पलीकडे सोडत आणि संध्याकाळी आणत. भांगाच्या भरतीला वेळ वेगळी, उधाणाला वेगळी; शाळेची घंटा मात्र तीच. म्हणून शेताची कामं त्यांनी तरीच्या वेळेवर बसवली. फूफी मॅट्रिक झाली आणि पुढे शिक्षिका. तिच्यामागून पाचसहा मुली त्याच होडीत बसल्या, त्यांतल्या दोन आगऱ्यांच्या होत्या.

दादा एक वही लिहीत. जहाजावर जशी रोज नोंद होते तशी घराची. तारीख, वारा, भरतीची वेळ आणि मग घरातली खबर. 'वारा मतलई. उघाडीची एक फळी बदलली. धाकट्याला गोवर.' 'उधाण मोठं. रात्र बांधावर. आईनं आज पेज घेतली.' सगळं शुद्ध मराठीत, चौथीतल्या वळणदार अक्षरात. आमची घरातली बोली कोकणी, नमाजाची अरबी, मदरशातली उर्दू. पण नोंद करायची, हिशेब लिहायचा, जवळच्या माणसाला पत्र घालायचं तर मराठी. याबद्दल त्यांना कधी खुलासा करावा लागला नाही. तो खुलासा आमच्या पिढीला लोकांपुढे पुन्हा पुन्हा करावा लागतो.

कराचीची पत्रंही मराठीतच येत. दोन-तीन वर्षांचा मोठ्या दादांचा हिशेब चुकला. आधी परवाने आले, मग पासपोर्ट आले, आणि आगबोटीनं जायचं गाव परदेश झालं. १९५५ साली त्यांनी बायकामुलांना बोलावून घेतलं. तिन्ही मुलं दादांच्या हाताखाली वाढली होती, धाकटी तर त्यांनाच बाप समजत होती. दादा त्यांना मुंबईच्या धक्क्यावर सोडून आले. त्या दिवसाच्या नोंदीत वारा आहे, भरती आहे, बोटीची सुटण्याची वेळ आहे. पुढे लिहिलंय, 'घरी ताटं सहा.' दहाची सहा झाली होती.

नंतर आमचे बाबा, काका मोठे झाले. पत्रं येत राहिली. काही वर्षांनी मोठ्या दादांचं मराठी तसंच राहिलं, पण खाली मुलांनी लिहिलेल्या दोन ओळी उर्दूत येऊ लागल्या. दादा त्या मौलवीसाहेबांकडून वाचून घेत आणि उत्तर मराठीतच पाठवत.

डिसेंबर १९७१ मध्ये युद्ध झालं. ४ तारखेच्या रात्री भारताच्या क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर हल्ला केला आणि ८ तारखेला पुन्हा. केमाडीच्या तेलाच्या टाक्या पेटल्या. मोठे दादा तेव्हा निवृत्त होऊन बंदराजवळच राहत होते. ९ तारखेला दीवच्या समुद्रात 'खुकरी' बुडाली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला आणि त्यांच्यासह १८ अधिकारी, १७६ नाविक गेले. आमच्यातले थोरले तेव्हा सात-आठ वर्षांचे होते. त्यांना आठवतं, की दिवे मालवलेल्या घरात दादा रेडिओला कान लावून बसले होते. कराचीची बातमी आली तेव्हा ते उठून वुजू करून आले. 'खुकरी'ची आली तेव्हाही. दोन्ही वेळा त्यांनी दुवेला हात उचलले. कुणीतरी शेजारच्यानं विचारलं, "चाचा, कुणासाठी?" दादा म्हणाले, "पाण्यातल्यासाठी." त्या आठवड्याच्या नोंदी कोऱ्या नाहीत. वारा आहे, भरती आहे. आणि एकदा 'आज जेवलो नाही' असं आहे.

युद्धानंतर टपाल बंद झालं. १९७४ साली करार होऊन ते पुन्हा सुरू झालं, तेव्हा पहिलं पत्र आलं ते मराठीत. सगळे सुखरूप होते. दोघे भाऊ पुन्हा कधी भेटले नाहीत. मोठे दादा १९८६ मध्ये गेले.

दादांचा शेवटचा मोठा दिवस १९९३ चा. त्या वर्षाच्या सुरुवातीला दिघी आणि शेखाडी इथं चोरटी स्फोटकं उतरवली गेली आणि १२ मार्चला मुंबईत बॉम्बस्फोट झाले. २५७ माणसं मेली. पुढे खटल्यात ज्यांना शिक्षा झाल्या त्यांत माल उतरवणारे होते, तसे डोळेझाक करणारे सरकारी नोकरही होते. पण तेव्हा हे कळायला वेळ होता. तेव्हा सगळा किनाराच संशयात होता. एस.टी.त गावाचं नाव सांगितलं की शेजारचा माणूस सरकून बसे. गावागावांत चौकशी सुरू झाली. आमच्या घरीही माणसं आली, पेट्या उघडून पाहिल्या.

दादा तेव्हा सत्तरीत होते. त्यांना इतकं संतापलेलं आम्ही कधी पाहिलं नव्हतं. संताप होता तो ज्यांनी माल उतरवला त्यांच्यावर. "किनाऱ्यावर काय लागतं ते बघणं खलाशाचं काम. यांनी बांधालाच खांड पाडली," एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत. आमच्यापैकी एकानं त्यांचं नौदलाचं सर्टिफिकेट कपाटातून काढलं. हे दाखवू या, म्हणजे घराला कुणी बोट लावणार नाही. दादांनी ते हातातून काढून घेतलं आणि जागच्या जागी ठेवलं. म्हणाले, "हा नोकरीचा कागद आहे, इमानाचा नाही. माझ्याकडं हा तरी आहे. शेजारच्या घरात नाही, मग ते काय बेइमान?"

आलेल्या माणसांना त्यांनी पाणी दिलं, नारळ फोडून दिले, विचारलं त्याची उत्तरं दिली. संध्याकाळी उधाण होतं. कंदील घेऊन ते बांधावर गेले. तिथं आगरी वाडीतले चारजण आधीच येऊन उभे होते. त्यांच्यातला एक म्हातारा म्हणाला, "चाचा, आज तुम्ही घरी बसा, आम्ही बघतो." दादा बसले नाहीत. पाचही जण रात्रभर फिरले. त्या रात्रीच्या नोंदीत चौकशीचा उल्लेख नाही. 'बांध शाबूत' असं आहे.

दादा १९९९ च्या रमजानमध्ये गेले. जनाजाला खाडीच्या दोन्ही काठांवरची माणसं होती. कब्रस्तानात त्यांची कबर मातीची आहे, वर नाव नाही. आमच्या गावात तशी रीत नाही आणि त्यांनाही ती नको होती. त्यांच्या नातवंडांपैकी निम्मे आखातात, दोघे मुंबईत, एक मर्चंट नेव्हीत. बांध आता सरकारी योजनेतून होतो, कधी होतो, कधी राहतो. काही शेतांत खारं पाणी शिरलं आणि तिथं आता तिवरं उगवली आहेत.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ याच किनाऱ्यावर आलं. आमच्या वाडीतल्या सुपाऱ्या मोडून पडल्या, कौलं उडाली, माळ्यावरच्या वह्या भिजल्या. वीसेक वह्यांपैकी अकरा वाचता येण्यासारख्या राहिल्या. त्या आम्ही उन्हात वाळवल्या, एकेक पान सोडवलं आणि आता आम्ही भावंडं त्या टाइप करून ठेवत आहोत. त्यांत पराक्रम नाही. तोफ एकदाही नाही. गोवर आहे, पेज आहे, फळी आहे, शाळेची फी आहे, ताटांची संख्या आहे. पण कुणी आम्हाला विचारलं, की तुम्ही इथले कधीपासून, तर आम्ही कागद काढणार नाही. त्या ४७ वर्षांतलं कुठलंही एक पान वाचून दाखवू.

कोकणच्या किनाऱ्यावर अशी घरं पुष्कळ आहेत. माळ्यावर लोखंडी पेटी, पेटीत पिवळा कागद, पत्रं, एखादी वही. परतलेली ती माणसं काही बोलली नाहीत, आणि बोललीच तर समुद्राबद्दल बोलली, घराबद्दल नाही. ती पेटी पुढच्या वादळाआधी उघडावी. आत पदक मिळालं तर ठीकच. नाही मिळालं तर भाकरी कुणी थापली, तर कुणी वल्हवली आणि रात्री बांधावर कोण होतं, एवढं तरी लिहून ठेवावं.